पहिलं नाव खानझोडे साहेबांचं

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये एक बाग आहे. बाग म्हणजे काय, काही बाक, एक घसरगुंडी आणि बोअरिंगचा पंप. तिथे रोज सकाळी आम्ही जेलखात्यातले रिटायर लोक बसतो. शेजारच्या बाकावर बँकवाले असतात. त्यांचे किस्से ठरलेले आहेत, महिन्याभरात एक फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमचे मात्र साचतच जातात. नोकरीत असताना ते कोणाला सांगायची सोय नव्हती. घरी सांगितले तर बायकोला जेवण जात नसे आणि पाहुण्यांना एवढंच विचारायचं असे, ‘फाशी पाहिली काय हो कधी?’

आता आम्ही तिघं उरलो. मी ठवकर, जेलर होतो. शेंडे शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निघाले. निमजे मॅडम महिला विभाग सांभाळायच्या. बाकावरची चौथी जागा खानझोडे साहेबांची होती, आमच्या सुपरिंटेंडंटची. ते गेल्या उन्हाळ्यात गेले. आता त्या जागेवर निमजे मॅडम आपली पर्स ठेवतात.

साहेब होते तोवर त्यांचे किस्से त्यांच्यासमोर सांगता येत नसत. सुरुवात केली की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “ठवकर, विषय बदल.” आता विषय बदला म्हणणारं कोणी नाही.

जेल कोणतं ते विचारू नका. विदर्भातलंच होतं.

*

खानझोडे साहेबांच्या आधी एक साहेब होते. त्यांचं नाव राहू द्या. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा जीव गुलाबांत. ऑफिससमोर त्यांनी कैद्यांकडून गुलाबाचे वाफे करून घेतले होते आणि कोणत्या झाडाला कळी आली हे त्यांना ऑफिसात बसल्या बसल्या ठाऊक असायचं. त्यांच्या काळात एका बराकीत मारामारी झाली आणि एक कैदी मेला.

चौकशीला वरून मोठे अधिकारी आले. आल्या आल्या म्हणाले, “जिथे हे झालं ती बराक दाखवा.”

साहेब पुढे निघाले. ताठ मानेनं, झपाझप. त्यांच्यामागे मोठे अधिकारी, मागे आम्ही सगळे. दोन वळणं घेऊन साहेब एका दाराशी थांबले आणि म्हणाले, “ही.”

मोठ्या अधिकाऱ्यांनी गजांतून आत पाहिलं. आत तांदळाची पोती आणि वजनकाटा. ते धान्याचं गोदाम होतं.

“कैदी पोत्यांवर झोपवता का?” त्यांनी विचारलं.

मागून शेंडे हळूच बोलले, “सर, इकडून या.”

पुढे काय झालं ते शेंडेच सांगतात. त्यांच्याइतकं चांगलं मला सांगता येत नाही. “एक माणूस जिवानं गेला. ड्युटीवर मी होतो म्हणून मी सस्पेंड झालो. आन् साहेबांची बदली झाली, त्यायनं कितीक वर्षांपासून मागून ठेवलेल्या गावाले.”

*

मग खानझोडे साहेब आले. मूळचे भिवापूरचे. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “तो सस्पेंड झालेला शिपाई कुठी राहते?”

मी शेंड्यांना बोलावून घेतलं. शेंडे घाबरून आले. त्यांना वाटलं, नवीन साहेब आता डिसमिसच करतात.

“शेंडे, बस. त्या दिवशी बराकीत माणसं किती होती?”

“लई होती साहेब. झोपताना कूस बदलाले जागा नव्हती.”

“आन् तू?”

“एकटाच.”

“तुले एकट्याले कोणी ठेवलं होतं तिथं?”

शेंडे माझ्याकडे पाहून राहिले. शेवटी म्हणाले, “साहेबांनी. म्हणजे मागच्या.”

“मंग सस्पेंड तू काहून झाला गा?”

साहेबांनी वर चार ठिकाणी भांडून शेंड्यांना परत कामावर घेतलं आणि मग सगळ्या स्टाफला मैदानात उभं केलं. म्हणाले, “आजपासून इथं काही झालं तर पहिलं नाव माझं. बाकीची नावं मंग पाहू.”

खरं सांगतो, आम्हाला फार काही वाटलं नाही. नवीन साहेब आला की असं काहीतरी बोलतोच.

*

त्या काळी आमच्याकडे नवीन कैदी आला की त्याचं ‘स्वागत’ व्हायचं. नव्याने दाखल झालेल्या कैद्यांना जेलच्या भाषेत आमद म्हणतात. संध्याकाळी कोर्टातून आमद आली की गेटच्या आत दोघं तिघं शिपाई पट्टा घेऊन तयार. कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कोणी थांबवलेलंही नव्हतं.

साहेब कोणाला काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळ झाली की आपली खुर्ची उचलून गेटच्या आत आणून ठेवायचे आणि आमद आत येईपर्यंत तिथे बसून राहायचे. साध्या शर्टपँटवर, मांडीवर पेपर. पट्टेवाल्यांची पंचाईत झाली.

एक जुना हवालदार धीर करून म्हणाला, “साहेब, थोडा धाक पायजेच. नाही तर ह्या लोकायले घरच वाटते.”

“धाकासाठीच तर मी बसलो ना गा.”

एवढ्यात आमद आत आली. त्यातला एक भुरटा चोर, रापलेला गडी, सरळ साहेबांपाशी गेला. त्याला वाटलं, हा म्हातारा आपल्यासारखाच, आजच आलेला. कानाशी वाकून म्हणाला, “काका, मले माहीत आहे इथलं. पट्टा दिसला की पहिलेच जमिनीवर पडून जा. कमी लागते.”

साहेबांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “तुले किती वेळा लागला?”

त्यानं शर्ट वर करून पाठ दाखवली. साहेबांनी ती पाठ नीट पाहिली, मग हवालदाराला म्हणाले, “इकडं ये. तूही पाह्य.”

पट्टा त्यानंतर दिसला नाही. साहेबांची खुर्ची मात्र पुढे कितीतरी दिवस तिथे यायची.

*

निमजे मॅडमचा किस्सा त्यांनीच सांगावा, पण त्या सांगताना अर्ध्यातच हसतात, म्हणून मी सांगतो.

साहेबांनी नियम केला होता की महिन्यातून एकदा ते कैद्यांशी बोलणार आणि त्या वेळी स्टाफनं बाहेर थांबायचं. महिला विभागात ते लेडी डॉक्टरला सोबत घेऊन बसायचे. मॅडमच्या मनाला ते लागलं. “म्हणजे साहेबांचा आमच्यावर भरोसा नाही,” असं म्हणत त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. पण दार उघडं होतं आणि मॅडमचे कान तेव्हा फार चांगले होते.

साहेबांनी आत विचारलं, “कोणी मारते काय तुमाले? खरं सांगा.”

एक जन्मठेपेची म्हातारी होती, सगळ्या तिला आत्या म्हणायच्या. ती उठली. “निमजेबाई ओरडते. लई ओरडते. पण हात नाही लावत.”

मॅडमचा जीव भांड्यात पडला.

“तुमी ओरडत नाही साहेब,” आत्या पुढे म्हणाली. “लई चांगले आहे तुमी. पण आमच्या नळाले परवापासून पाणी नाही.”

साहेब बाहेर आले ते कान लाल करूनच. मॅडमना वाटलं आता आपल्यावर निघणार. ते एवढंच म्हणाले, “इथं पाणी येत नाही तोवर माझ्या क्वार्टरचं पाणी बंद ठेवा.”

दुपार व्हायच्या आत खानझोडे वहिनी स्वतः रिकामी बादली घेऊन पंपाच्या मेकॅनिकसमोर उभ्या होत्या. पाणी आलं. नंतर हळदीकुंकवाला वहिनी मॅडमना म्हणाल्या, “काय वं निमजे, गुन्हा ह्यायचा आन् शिक्षा मले?”

*

एकदा डाळीवरून भडका उडाला. डाळ पातळ होती हे खरंच होतं. वाटी उपडी केली तर जमीन ओली व्हायची, पिवळी होत नसे. बराकींच्या एका सर्कलमध्ये कैद्यांनी भांडी फेकायला सुरुवात केली, मग आपसातच जुंपली. कोणी विटेचा तुकडा उचलला. आम्ही काठ्या, ढाली घेऊन दाराशी जमलो. असल्या वेळी आत घुसलं की काय होतं ते मला माहीत होतं. काठी कोणाच्या डोक्यात बसली हे नंतर कोणालाच आठवत नाही.

साहेब जेवणावरून उठून आले होते. हात तसाच खरकटा. म्हणाले, “थांबा,” आणि एकटेच आत गेले.

आम्ही दारात उभे. साहेब चालत चालत मारामारीच्या मधोमध गेले. गोंगाटात त्यांचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता. त्यांना धाप लागली होती, चेहरा घामानं डबडबलेला. तेवढ्यात वीट उचललेल्या त्या दांडग्या कैद्याचंच त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यानं वीट खाली टाकली आणि ओरडला, “अबे थांबा रे, साहेबांले बीपी आहे!”

सगळं थांबलं. एकानं साहेबांना बसायला डबा उलटा करून दिला. दुसऱ्यानं पाणी आणलं. साहेब पाणी प्यायले, मग जमिनीवर सांडलेल्या डाळीत बोट बुडवून त्यांनी ते चाटलं.

“ही डाळ माझ्या घरी केली असती तर मीही वाटी फेकली असती,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून डाळ उतरली की वाटीभर डाळ आधी साहेबांच्या टेबलावर यायची. काठ्या त्या दिवशी होत्या तशाच जागेवर गेल्या.

*

एवढं सगळं करूनही जे व्हायचं ते झालंच. हे सांगायला मला आवडत नाही, पण हे वगळलं तर साहेबांचं काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

खापा गावचा कैलास नावाचा एक कच्चा कैदी होता. घर विणकराचं. कोणाच्या तरी भांडणात मध्ये पडला आणि आत आला, जामिनाची वाट पाहत होता. बराकीतले दोन दादा लोक त्याच्या मागे लागले होते. घरून चिजा मागव, आमचे कपडे धू. तो नाही म्हणायचा.

एक दिवस सकाळी तो शेंड्यांना म्हणाला, “मले दुसऱ्या बराकीत टाका. हे मले मारतीन.” शेंड्यांनी वेळ न घालवता त्याला थेट साहेबांसमोर उभं केलं. मी तिथेच होतो. त्या दिवशी मोठ्या अधिकाऱ्यांची भेट ठरली होती. जेलभर चुना मारणं चालू होतं, साहेब सकाळपासून पळत होते. त्यांनी कैलासचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उद्या करून देतो बावा. आज साहेब लोक येऊन राहिले.”

दुपारी बराकी बंद असताना त्याला मारलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

मारणाऱ्या दोघांवर खुनाचा गुन्हा लागला, तो लागायलाच हवा होता. पण खात्याला आपल्यातलाही कोणी हवा होता. वरून साहेबांना फोन आला. मी समोर बसलो होतो, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. “ड्युटीवर शेंडे होता ना? मागच्या वेळीही तोच होता. झालं तर मग. त्याच्यावर रिपोर्ट करा आणि विषय संपवा.”

शेंडे त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन रडले. म्हणाले, “ठवकर साहेब, या वेळी नोकरी जाते. पोरीचं लग्न ठरलं आहे.”

चौकशीच्या दिवशी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मी साहेबांच्या वेळीही खोलीतच होतो, चौकशी अधिकाऱ्यांना जेलची माहिती द्यायला आणि जबाब लिहून घ्यायला. त्यांनी साहेबांना साधाच प्रश्न विचारला, “त्या वेळी बराकीवर ड्युटी कोणाची होती?”

साहेब म्हणाले, “शेंडेची. पण त्यानं त्याचं काम केलं. तो सकाळीच कैलासला माझ्याकडे घेऊन आला होता. कैलासनं मला स्वतः सांगितलं, मला मारतील. मी त्याला उद्या म्हणालो.”

चौकशी अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “खानझोडे, हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं.”

“तुम्ही विचारणारच नव्हता,” साहेब म्हणाले. “म्हणून सांगितलं.”

“उद्या का म्हणालात?”

“तुमच्या स्वागताची तयारी चालली होती.”

कारण त्या दिवशी भेटीला येणारे मोठे अधिकारी तेच होते. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मला म्हणाले, “शेवटचं वाक्य घेऊ नका.”

“घ्या,” साहेब म्हणाले.

शेंड्यांची नोकरी वाचली. त्यांच्या पोरीच्या लग्नात साहेब पंगतीत वाढायला होते, कारण तेव्हा ते सस्पेंड होते आणि वेळच वेळ होता. प्रमोशन गेलं ते गेलंच. पुढे त्यांना परत घेतलं, पण जेल पुन्हा दिलं नाही. एका ऑफिसात कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि तिथूनच ते रिटायर झाले. खिडकीबाहेर पाहणारे ते अधिकारी मात्र वर चढत गेले.

*

मधे एकदा, साहेब असतानाच, बागेत शेंड्यांनी मोबाइलवर बातमी लावली. कुठल्याशा राज्यातल्या जेलमध्ये कैदी मेला होता. तिथले कोणी मोठे साहेब माइकसमोर सांगत होते, “दोषींची गय केली जाणार नाही.”

साहेबांनी पेपर खाली केला. “शेंडे, हा दोषी माणूस दरवेळी बोलणाऱ्याच्या खालीच कसा काय राहते गा? वर कधीच राहत नाही काय?”

शेंडे हसले. साहेब नाही हसले. त्यांनी पेपर पुन्हा वर केला आणि म्हणाले, “विषय बदल.”

*

आता शेवटचा. हा मी बागेत सांगितला तेव्हा निमजे मॅडम उठून चालायला निघून गेल्या होत्या.

कैलास गेला त्या दुपारी साहेब आणि मी बराकीत गेलो होतो. त्याचं अंथरूण भिंतीला लागून होतं. उशाशी जेवणाचं ताट, वर दुसरं ताट झाकलेलं. साहेबांनी वरचं ताट उचललं. पोळ्या, भाजी, डाळ, भात, सगळं जसंच्या तसं. साहेबांनी ते पुन्हा झाकून ठेवलं.

घरी निरोप पोलिसांमार्फत पोचला होता. खात्याचं म्हणणं, आपण कोणी तिकडे जायचं नाही, लोक भडकलेले असतात. दहन झाल्यावर एका सकाळी साहेब मला म्हणाले, “ठवकर, खाप्याले जाऊन येऊ.” मी म्हटलं, निदान साध्या कपड्यात चला. ते म्हणाले, “तो काही माझ्या नात्यातला म्हणून माझ्याकडे नव्हता,” आणि युनिफॉर्म चढवून जीपमध्ये बसले.

घर कन्हान नदीच्या बाजूला, अरुंद गल्लीत. युनिफॉर्म दिसताच गल्ली भरली. कोणी शिव्या दिल्या. एकानं माझी कॉलर धरली. साहेब थांबले नाहीत. कैलासचे वडील ओसरीवर बसले होते, डोकं नुकतंच भादरलेलं. त्यांनी हातानंच लोकांना मागे सारलं.

“कोण तुमी?” त्यांनी विचारलं.

“जेलचा सुपरिंटेंडंट. खानझोडे.”

“माहा पोरगा कोणाच्या ताब्यात होता?”

“माझ्या.”

वडिलांनी मान हलवली. मग म्हणाले, “त्यानं सांगतलं होतं काय तुमाले काही?”

“हाव. मले दुसरीकडं टाका म्हणाला होता. मी उद्या म्हणालो.”

गल्लीतला आवाज एकदम वाढला. कोणीतरी दगड उचलला, मी पाहिला. साहेब जागचे हलले नाहीत. टोपी हातात घेऊन उन्हात तसेच उभे. वडील खाली जमिनीकडे पाहत राहिले. ते काही बोलतील म्हणून लोकही थांबले होते.

तेवढ्यात आतून आई आली. भिंतीला धरत धरत दारापर्यंत पोचली. तिनं साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे पाहिलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

“साहेब, त्या दिवशी तो जेवला होता काय जी?”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे पाहत नव्हते.

“हाव माय,” ते म्हणाले. “पोटभर.”